समरकंदात भरून ठेवलेलं पाणी

मी एकदा समरकंद शहराला पाणी पाजलेलं आहे.

घरी आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी माझ्याकडं बघतात, मग माझ्या बायकोकडं. ती मान खाली घालून शेंगा फोडत राहते. ती काही बोलत नाही म्हणजे यात थोडंफार खरं असणार, असं पाहुणे धरून चालतात. कागदावर मात्र जरा हात आखडून लिहावं लागतं. तर, अख्खं शहर नव्हतं. एक इमारत होती, चार मजल्यांची. पण चारही मजले बादल्या घेऊन आमच्या दारात उभे होते, हे मी कुणाच्याही समोर सांगायला तयार आहे.

मी एसटीचा कंडक्टर. एकतीस वर्षं नांदेड, लातूर, मुखेड, देगलूर या चौकोनात एवढा फिरलो की तेवढ्यात चंद्रावर जाऊन, तिथं चहा पिऊन परत येता आलं असतं. अर्धापूरच्या फाट्यावर केळीच्या घडांसकट एकशेवीस माणसं मी एका गाडीत बसवली आहेत. बसवली म्हणजे आत घेतली. त्यातल्या एकाचे पाय जमिनीला टेकले ते थेट नांदेडात. असल्या माणसाला प्रवास कसा करावा हे शिकवायच्या भानगडीत पडू नये. पण माझी मुलगी पडली, आणि तीही फोनवरून.

मुलगी समरकंदला डॉक्टरकी शिकत होती. आमच्याकडं याचं आता नवल राहिलेलं नाही. लातूरच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून विचारा, दर तिसऱ्या घरातलं एक लेकरू कुठल्या तरी बर्फाच्या देशात माणसाची हाडं पाठ करून राहिलेलं असतं. सहा वर्षं झाली, शेवटचा निकाल लागला आणि शुक्रवारी सकाळी अकराला पदवी देण्याचा कार्यक्रम ठरला. तिनं आमच्याकडून एकच गोष्ट मागितली.

"पप्पा, माझं नाव घेतील तवा तुम्ही आणि मम्मी समोर बसलेले दिसले पाहिजेत. मागं न्हाई, समोर."

"बसतो की."

"दहावीच्या सत्काराला बी असंच म्हणाला होता."

दहावीच्या सत्काराच्या वेळी मी मुखेडच्या स्टँडवर पंक्चर गाडीजवळ उभा होतो. बारावीच्या सत्काराला भोकरला. ती पहिल्यांदा परदेशात गेली तेव्हाही मी ड्युटीवर होतो. त्या दिवशी गाडीवरून एक विमान गेलं, त्याला मी खिडकीतून हात केला. ते तिचं नव्हतं हे मला ठाऊक होतं. आता रिटायर झालो होतो. कारण सांगायला गाडी उरली नव्हती.

मग तिच्या सूचना सुरू झाल्या. बीपीच्या गोळ्या खिशात सुट्या टाकायच्या नाहीत, पाकिटासकट ठेवायच्या. सोबत डॉक्टरची चिठ्ठी. ते सगळं हातातल्या पिशवीत, मोठ्या सामानात नाही. घराचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून पाठवते, त्याची प्रिंट काढून खिशात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघायचं, तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. कापून ठेवलेलं फळ खायचं नाही. आणि नळाचं पाणी प्यायचं नाही.

"मग तिथले लोक काय पितात?"

"त्यांच्या पोटाला सवय हाय."

"लातूरचं पाणी पचवलेल्या माणसाला जगातलं कुठलं बी पाणी पचतंय."

"पप्पा, तुमचं पोट लातुरात सिनियर असंल. इथं नवीन भरती हाय."

ताश्कंदला विमानातून उतरून रेल्वेनं समरकंदला पोचेपर्यंत मी एकही चूक केली नाही. स्टेशनावर मुलगी घ्यायला आली होती. सहा वर्षांत ती माझ्यापेक्षा उंच झाल्यासारखी वाटली, पण तसं काही नव्हतं, मीच सामान उचलून वाकलो होतो. तिनं बाहेर एक छोटी पांढरी व्हॅन थांबवली, आपल्या काळी-पिवळीची धाकटी बहीण. मी सवयीनं डाव्या बाजूनं गेलो, तर तिकडं दारच नाही. मी बंद पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि "उघडा" म्हणालो. आतली माणसं काचेतून माझ्याकडं बघून राहिली.

"पप्पा," मुलगी पलीकडून म्हणाली, "इकडून."

तिचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली घरमालकीण राहायची, साठी उलटलेली बाई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल आणि हात कोपरापर्यंत पिठात. सगळी इमारत तिला आपा म्हणायची; आमच्याकडं उदगीर-नांदेडच्या मोहल्ल्यांत थोरल्या बहिणीला म्हणतात तेच. बायकोनं पहिल्या पाच मिनिटांत आपा, बाजार, मेहमान, अनार एवढे शब्द ओळखीचे काढले आणि मला म्हणाली, "ही तर देगलूरच्या जरा पलीकडचीच दिसती."

दुपारी मुलगी कार्यक्रमाच्या तालमीला गेली. मी हात धुवायला न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडला.

पाणी आलं. नुसतं आलं नाही, धो धो आलं.

लातूरच्या माणसासमोर असा नळ सुटला म्हणजे काय होतं, हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडं नळ येतो तो आठवड्यानं, त्याच्या मर्जीनं. एका उन्हाळ्यात तर आमच्या शहराचं पाणी रेल्वेत बसून आलं होतं. नळाचा आवाज झाला की आमच्याकडं बोहल्यावरचा नवरदेवसुद्धा अंतरपाट बाजूला करून आधी घागर लावतो. तेव्हा बायकोनं आतून विचारलं, "आलं का?" मी म्हणालो, "आलं." यापुढं आम्हा दोघांत काही बोलणं झालं नाही, गरजच नव्हती.

आधी टब भरला. टब कसला, मांजरा धरण होतं ते. मग दोन बादल्या, कुकर, तीन पातेली, किटली आणि एक काचेची फुलदाणी. शेवटी ओट्याखाली प्यायच्या पाण्याच्या सात रिकाम्या बाटल्या सापडल्या. मी त्या नळावर भरल्या, बायकोनं झाकणं लावली, आणि फ्रिजमध्ये विकतच्या बाटल्यांशेजारी ओळीनं उभ्या केल्या. इतक्या सरळ, की आपली कोणती आणि विकतची कोणती, हे ब्रह्मदेवालाही ओळखू आलं नसतं.

मुलगी संध्याकाळी आली आणि न्हाणीघराच्या दारात थांबली.

"हे काय हाय?"

"पाणी."

"पप्पा, इथं नळ रोज येतो."

"कधी येतो?"

"येत न्हाई. म्हणजे, जातच न्हाई."

मी बायकोकडं बघितलं. पोरीला शिकवून शिकवून तिच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असं दोघांच्याही मनात आलं. "जात न्हाई म्हणजे," मी म्हणालो, "अजून गेला नसंल."

ती टब मोकळा करायला निघाली, पण आई आडवी झाली. पाणी ओतून द्यायचं ही गोष्ट तिच्या आईच्या देखत आजवर कुणी केलेली नाही. धुण्याला होईल, राहू दे, यावर तडजोड झाली. फ्रिज कुणी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटा शहर बघायला निघालो. खिशात पत्ता होता, डोक्याला टॉवेल होता आणि ऊन तर आमच्या मे महिन्याचं सख्खं भावंड होतं. व्हॅनमध्ये मी तिथल्या माणसांना हातानं खुणा करून आत सरकवलं आणि आणखी चार जणांची जागा काढली. ड्रायव्हरनं मागं वळून छातीवर हात ठेवला, तिकडं आभार असेच मानतात. रस्ते मी डावीकडं बघून ओलांडले. कापलेल्या खरबुजाकडं बघितलंसुद्धा नाही. थोडक्यात, मुलीच्या सगळ्या सूचना पाळल्या आणि अभिमानानं घरी येऊन फ्रिज उघडला. गारेगार दोन बाटल्या उभ्यानं संपवल्या. बायको खाली आपाकडं गरम चहा पीत बसली होती आणि मुलीचा उकळलेल्या पाण्याचा थर्मास तिच्यासोबत कॉलेजात होता, म्हणून त्या दोघी वाचल्या.

गुरुवारी सकाळी सहाला सुरुवात झाली. आठपर्यंत माझं मांजरा धरण सगळे दरवाजे उघडून मोकळं झालं होतं.

मुलगी माझ्या उशाशी बसली. तिनं जीभ बघितली, हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली, कपाळाला हात लावला. तिचा चेहरा मी आधी बघितलेला नव्हता असा झाला होता. घरी ती अशी कधी बसायची नाही, घरी ती मोबाईल घेऊन आडवी पडायची.

"किती वेळा?"

"चाळीस."

"पप्पा, खरं."

"नऊ."

"रक्त?"

"न्हाई."

"लघवी होती का?"

मी बायकोकडं बघितलं. पोटच्या पोरीसमोर असल्या गोष्टी बोलायची मला सवय नव्हती. बायको म्हणाली, "सांगा की, डॉक्टर हाय ती." मग सांगितलं.

ती उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेली आणि बाटली हातात धरून परत आली. "याचं सील कुठं हाय?"

मी भिंतीकडं तोंड केलं.

"किती भरल्या?"

"सात," बायको म्हणाली.

"मम्मी, तू बी व्हतीस यात?"

"म्या नुसती झाकणं लावली."

तिनं उरलेल्या पाची बाटल्या काढून बादलीत ओतल्या. बादलीत, मोरीत नाही. शेवटी लातूरचीच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे पातेल्यात विकतचं पाणी मोजून घेतलं, उकळून गार केलं आणि त्यात ओआरएसचं पाकीट मिसळलं. "जुलाबानं माणूस जात न्हाई पप्पा," ती म्हणाली, "अंगातलं पाणी सरलं की जातो. जेवढं बाहेर गेलं तेवढं आत आलं पाहिजे. घोट घोट प्यायचं, घटाघटा न्हाई." अंगातला दुष्काळ म्हणजे काय, हे मला आणखी फोडून सांगायची गरज नव्हती.

मग ती म्हणाली, "ताप आला, रक्त पडलं नाहीतर लघवी बंद झाली, तर आपण दवाखान्यात जायचं. उद्याचा कार्यक्रम राहू दे. मी बी जाणार न्हाई."

मी बारीक तोंडानं घोट घेतला. टेबलावर तिचा काळा गाऊन इस्त्री करून ठेवलेला होता. दहावीला मुखेड, बारावीला भोकर, विमानाला आणखी कुठं तरी, आणि आता समरकंदपर्यंत येऊन मी पलंगावर. या खेपेला तर तिलाही सोबत पाडणार होतो. एकतीस वर्षांत माझी गाडी लेट झाली आहे, बंद पडली आहे, एकदा म्हशीनं अडवली आहे; पण दारात उभ्या असलेल्या पॅसेंजरला न घेता मी डबल बेल दिलेली नाही. त्या दिवशी मी घोट मोजत बसलो.

दुपारी आपा वर आली, हातात वाटी. वाटीत डाळिंबाच्या वाळलेल्या सालीचा काढा. बायकोनं वास घेतला आणि म्हणाली, "आगं बाई, हे तर माझी आई द्यायची मुखेडला." मग त्या दोघी माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून सालीत मीठ घालावं की नाही यावर आपापल्या भाषेत भांडल्या. मुलीनं निकाल दिला, "ओआरएसच्या बदल्यात न्हाई. वरून दोन चमचे चालंल." काढा असा कडू-तुरट होता की पोटातले जंतू पासपोर्ट काढून देशाबाहेर गेले असावेत. संध्याकाळी मी मऊ भात खाल्ला आणि तो आतच राहिला. ताप नव्हता. मुलगी दर तासाला येऊन कपाळाला हात लावून जात होती, तो गाऊन मात्र टेबलावरच होता.

शुक्रवारी सकाळी सातला न्हाणीघरातून तिची हाक आली. "मम्मी, पाणी गेलं."

ती डोक्याला शाम्पू लावून उभी होती. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. खाली गल्लीत रस्ता खोदताना पाइप फुटला होता. जिन्यात आपा सगळ्यांना हात हलवून सांगत होती, "सुव योक, सुव योक." मला उझबेकी येत नाही, पण पाणी नाही हे लातूरचा माणूस कुठल्याही भाषेत ओळखतो.

अशक्तपणा बाजूला सारून मी पलंगावरून उठलो, भिंतीला धरत न्हाणीघरापर्यंत गेलो आणि बाहेरूनच म्हणालो, "टब हाय."

आतून तांब्याचा आवाज आला.

तिची अंघोळ झाली, माझी सोय झाली, आणि तोवर बायकोनं खाली आपाला चहापुरतं पातेलं नेऊन दिलं. तिथून बातमी फुटली. पंधरा मिनिटांत जिन्यात बादल्या, डबे, एक लहान मुलाचा टब आणि एका आजोबांच्या हातात नुसता पेला. मी दारात खुर्ची टाकून बसलो. उभं राहायची ताकद नव्हती, पण रांग लावायला ताकद लागत नाही, नजर लागते. "एकेक. ढकलू नका. वापरायचं हाय, प्यायचं न्हाई," असं मी मराठीतून सांगत होतो, मुलगी केस पुसत उझबेकीतून सांगत होती, आणि 'प्यायचं न्हाई' सांगताना ती दर खेपेला माझ्याकडं बघत होती. टब तळाला गेला तेव्हा फुलदाणीतलं पाणी त्या आजोबांच्या पेल्यात ओतलं. शेवटची बादली मी माझ्यासाठी राखून ठेवली होती, कंडक्टरची सीट राखतात तशी.

सव्वादहा वाजले. खोदलेल्या गल्लीत व्हॅन येत नव्हती आणि मोठ्या रस्त्यापर्यंत चालायला माझे पाय तयार नव्हते. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा एक दांडगा माणूस, दोन बादल्या घेऊन गेलेला, किल्ली हलवत आला. त्याची गाडी खोदकामाच्या पलीकडं लावलेली होती. तिथपर्यंत त्यानं मला दंडाला धरून असं नेलं की माझे पाय जमिनीला दोनदाच टेकले. वाटेत मी एका हॉटेलापाशी आणि एका पेट्रोल पंपापाशी त्याला थांबवलं. त्यानं काही विचारलं नाही. पोटाची खूण सगळीकडं एकच आहे.

सभागृहात शिरल्याबरोबर मी कंडक्टरच्या नजरेनं जागा हेरली. शेवटची रांग, दाराला लागून, दाराबाहेर डावीकडं संडास. मी तिकडं वळलो.

"कुठं?" बायको म्हणाली.

"इथं बरं हाय. येळ-वखत येतो."

"समोर म्हणाली होती ती."

"अगं, पण..."

"मी चालले समोर. तुम्ही बसा, स्टँडवर बसल्यासारखं." आणि ती पदर सावरत पुढं निघाली.

मी तिच्या मागं गेलो. दुसरी रांग, बरोबर मध्यभागी, दोन्हीकडं आठ-आठ माणसं. बाहेर पडायचं तर आठ जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागणार. मी ओआरएसची बाटली मांडीत धरली आणि बसलो.

भाषणं झाली. किती झाली ते सांगत नाही, माझ्या आकड्यांवर कुणाचा विश्वास नाही. मग नावं सुरू झाली. एकेक पोरगं येतंय, हात मिळवतंय, फोटो काढतंय, जातंय. तिच्या आधी तिघं उरले आणि माझ्या पोटात पहिली घंटी वाजली. दोघं उरले, दुसरी. मी डोळे मिटले. मोठ्या पावसात धरणावरच्या कर्मचाऱ्यांची काय अवस्था होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"डोळे उघडा," बायको म्हणाली, "आली."

तिचं नाव घेतलं. त्या माणसानं ते असं मोडूनतोडून घेतलं की मी ठेवलेलं नाव मलाच नवीन वाटलं. ती मंचावर आली, पदवी घेतली आणि फोटोवाल्याकडं न बघता रांगांवरून नजर फिरवली. पहिली रांग. दुसरी. आम्हाला बघून तिनं मान हलवली, हसली नाही, नुसती मान हलवली, गाडीत सगळे चढले की नाही हे बघून मी हलवायचो तशी. मग फोटोला वळली.

त्यानंतर मी आठ जणांच्या गुडघ्यांवरून कसा गेलो ते मला आठवत नाही. त्यातल्या एकाला मी "सरका" म्हणालो एवढं नक्की.

परत आलो तर ती बाहेर व्हरांड्यात आईजवळ उभी होती, गाऊन घातलेली, निळ्या कव्हरातली पदवी काखेत. मैत्रिणी फोटोला हाका मारत होत्या. ती हलली नाही. माझा हात धरला, मागची कातडी चिमटीत धरली, सोडली, आणि मग विचारलं.

"सकाळपासून किती वेळा?"

जन्मभर मी आकडे फुगवून सांगत आलो. बसमधली माणसं, उन्हाळे, म्हशी, सगळं. त्या दिवशी पहिल्यांदा कमी सांगितला.

"दोनदा."

तिनं आईकडं बघितलं. आई मान खाली घालून पदवीच्या कव्हरावरची नसलेली धूळ पुसत राहिली.

मुलीनं गाऊनच्या आतून ओआरएसची दुसरी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली.

"पाचदाचं प्या," ती म्हणाली. "घोट घोट."